दाजी राणीवरील आरोप

चीनच्या प्राचीन इतिहासांतील वीर घेऊन रचलेले कथाप्रधान खेळ हल्लीं मुलें संगणकाच्या पडद्यावर खेळतात, हें पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. जपानमधील कोएई या कंपनीनें २००७ सालीं असाच एक खेळ बाजारांत आणला. त्याचें नांव 'वॉरियर्स ओरोची'. ओरोची नांवाचा सर्पराज काळाचे बंध तोडतो आणि चीनच्या त्रिराज्य-काळांतील व जपानच्या यादवी-काळांतील योद्ध्यांना एकाच मोडक्यातोडक्या जगांत आणून टाकतो, अशी त्याची कथा आहे. या सर्पराजाच्या बाजूला एक हंसरी, लाघवी आणि अत्यंत कपटी स्त्री असते. तिचें नांव दाजी.

मराठी श्रोत्यांना या नांवाचें हसूं येणें साहजिक आहे, कारण आपल्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. चिनी भाषेंत 'जी' हें तिच्या माहेरच्या कुळाचें नांव आणि 'दा' हें तिचें स्वतःचें. त्या काळीं चीनमध्यें स्त्रीच्या नांवामागून तिच्या कुळाचें नांव लावीत. 'जी कुळांतील दा' एवढाच या नांवाचा अर्थ. खेळणाऱ्या परक्या मुलाला ती कोणी कल्पित मायाविनी वाटते. चीनमधील मुलाला मात्र ती नाटकांतून, चित्रांतून आणि घरांतील वडील माणसांच्या गोष्टींतून ओळखीची असते. सुंदर रूप घेऊन राजाला भुलविणारी आणि राज्य बुडविणारी बाई म्हणून तिची अपकीर्ति तीन हजार वर्षांची मानली जाते. ती खरोखर तितकी जुनी आहे काय, हें पाहूं लागलें असतां निराळेंच कांहीं दिसूं लागतें.

प्रचलित कथा थोडक्यांत अशी. इसवी सनापूर्वीं अकराव्या शतकांत होआंगहो नदीच्या खोऱ्यांत शांग घराण्याचें राज्य होतें. त्याचा शेवटचा राजा दीशिन. मागाहून त्याला 'चौ' हें निंदाव्यंजक नांव पडलें, आणि ज्या घराण्यानें त्याला जिंकलें त्याचें नांवहि आपल्या कानांना 'चौ' असेंच ऐकूं येतें. चिनी अक्षरें मात्र दोहोंचीं वेगळीं आहेत. घोटाळा नको म्हणून येथें राजाला दीशिनच म्हणणें बरें. या दीशिनानें दाजीच्या नादीं लागून मद्याचें तळें खणविलें, झाडांना मांस टांगून त्याचें वन केलें, आणि रात्रंदिवस तेथें धुंद होऊन राहिला. अपराध्यांना शिक्षा म्हणून निखाऱ्यांवर तापविलेल्या, तेलानें माखलेल्या तांब्याच्या खांबावरून तो चालावयास लावी, आणि ते घसरून विस्तवांत पडले म्हणजे दाजी हंसे. राजाचा चुलता बी-कान यानें चार हिताचे शब्द सांगितले, तेव्हां साधुपुरुषाच्या काळजाला सात छिद्रें असतात असें ऐकलें आहे, तीं पाहूं या, असें म्हणून त्याचें काळीज काढण्यांत आलें. अखेर पश्चिमेकडून चौ घराण्याचा वू राजा सैन्य घेऊन आला. मू-येच्या मैदानावर लढाई झाली. आधुनिक चिनी संशोधकांनीं तिचें साल इसवी सनापूर्वीं १०४६ असें धरलें आहे. हरलेला दीशिन आपल्या मृगमंदिर नांवाच्या उंच वाड्यावर चढला, रत्नजडित वस्त्रें ल्याला, आणि त्यानें स्वतःला जाळून घेतलें. दाजीचें शिर विजेत्यांनीं निशाणाला टांगलें.

कथा अशी भरीव आहे कीं ऐकणाऱ्याला तिच्यांत खोट काढावीशी वाटत नाहीं. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें आरोप ऐकला कीं पहिला प्रश्न हा विचारावा कीं, तो प्रथम कोणीं केला, आणि केव्हां.

सर्वांत जुना पुरावा म्हणजे 'शूचिंग' या प्राचीन ग्रंथांत वू राजाच्या तोंडीं असलेलें मू-ये येथील भाषण. लढाईपूर्वीं सैन्यापुढें केलेलें तें भाषण आहे. अर्थात् शत्रूची निंदा करण्यास याहून चांगली वेळ नाहीं. तरीहि तेथें आरोप किती आहेत? राजा बाईच्या सल्ल्यानें चालतो. पितरांच्या पूजा त्यानें टाकल्या. भाऊबंदांना दूर लोटलें. आणि जागोजागच्या पळपुट्या गुन्हेगारांना अधिकार दिले. बाईच्या बोलण्याविरुद्ध कोंबडीच्या आरवण्याचा दाखला आहे खरा, पण त्या बाईचें नांवसुद्धां नाहीं. मद्याचें तळें नाहीं, तापलेला खांब नाहीं, काळीज नाहीं. ज्यानें हे प्रकार नुकतेच पाहिले असते किंवा ऐकले असते, त्या शत्रूनें ऐन रणांगणावर ते कां गाळावे?

दाजीचें नांव स्पष्टपणें येतें तें 'क्वो-यू' या ग्रंथांत, आणि तेंहि विलक्षण प्रसंगीं. इसवी सनापूर्वीं ६७२ सालीं, म्हणजे शांग घराणें बुडाल्यावर जवळजवळ पावणेचारशें वर्षांनीं, चिन संस्थानच्या अधिपतीनें एका रानटी मानलेल्या टोळीवर स्वारी केली आणि तेथील मुलगी आपली राणी म्हणून आणली. दरबारच्या शकुन पाहणाऱ्यानें त्याला सावध केलें. त्यानें तीन दाखले दिले. श्या घराण्याच्या शेवटच्या राजानें एका टोळीला जिंकलें, त्या टोळीनें मुलगी दिली, तिनें राज्य बुडविलें. शांग घराण्याच्या शेवटच्या राजानें यौ-सू टोळीला जिंकलें, त्या टोळीनें दाजी दिली, तिनें राज्य बुडविलें. पश्चिम-चौ घराण्याच्या शेवटच्या राजानें आणखी एका टोळीला जिंकलें, तिनें पाओ-स्स ही मुलगी दिली, आणि पुनः तेंच. तीन घराणीं, तीन शेवटचे राजे, तीन मुली, आणि घटना एकाच सांच्यांतली. शाळेंत तीन विद्यार्थ्यांच्या वहींत एकच उत्तर शब्दशः सांपडलें तर मास्तर काय समजतात, तें सांगावयास नको. शिवाय हा ग्रंथ संकलित झाला तो त्या प्रसंगाहूनहि मागाहून.

तरीपण या साक्षींत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. येथील दाजी क्रूर नाहीं. ती कोणाचे हाल पाहून हंसत नाहीं. ती हरलेल्या टोळीनें जेत्याला दिलेली मुलगी आहे, आणि तिच्यावर आरोप एवढाच कीं च्याव-को नांवाच्या मनुष्याशीं संगनमत करून तिनें शांग राज्य पाडण्यास हातभार लावला. या गोष्टींत सत्याचा कण असेल, तर तो जी कुळांतील त्या मुलीच्या बाजूनें पाहिला पाहिजे. जिनें आपलें गांव जिंकलेलें पाहिलें, आणि जिला खंडणी म्हणून पाठविण्यांत आलें, तिनें जेत्याच्या राज्याचें बरें कां चिंतावें?

आतां पुढील टप्पा. चीनचा थोर इतिहासकार सिमा-च्येन यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या आरंभीं आपला मोठा इतिहास पुरा केला. त्यांत मद्याचें तळें आहे, खांबाची शिक्षा आहे, बी-कानचें काळीजहि आहे. पण सात छिद्रांचें वाक्य तेथें राजा बोलतो. रागावलेला राजा स्वतःच म्हणतो आणि स्वतःच काळीज काढवितो. यानंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं ल्यू-श्यांग या दरबारी पंडितानें स्त्रियांचीं चरित्रें लिहिलीं, आणि दुष्ट स्त्रियांच्या प्रकरणांत दाजीला घातलें. तेथें तेंच वाक्य दाजी बोलते! खांबावरून माणसें पडूं लागल्यावर तिचें हंसणेंहि याच पुस्तकांत आहे. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा ज्यांनीं लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना एका वाक्याचें वजन किती असतें तें ठाऊक आहे. येथें तर वाक्य तेंच राहिलें, फक्त बोलणारें तोंड बदललें, आणि राजाचा अपराध राणीचा झाला.

ल्यू-श्यांग हा कांहीं खोटारडा मनुष्य नव्हता. तो ज्या सम्राटाच्या पदरीं होता, तो छंग सम्राट च्याव घराण्यांतील दोन बहिणींच्या पूर्ण कह्यांत गेला होता. सम्राटाला तोंडावर बोलणें धोक्याचें. तेव्हां जुन्या राण्यांचीं चरित्रें लिहून त्याला समज द्यावी, हा या पंडिताचा हेतु होता, असें त्याच्या चरित्रावरूनच कळतें. हेतु चांगला असेल. पण त्याची किंमत हजार वर्षांपूर्वीं मेलेल्या बाईनें भरली. मेलेला मनुष्य अब्रूनुकसानीची फिर्याद करीत नाहीं, ही लेखकांची मोठीच सोय आहे. तिच्या मृत्यूविषयीं तरी एकवाक्यता असावी? सिमा-च्येनच्या इतिहासांत शांग घराण्याच्या प्रकरणांत वू राजानें दाजीला मारलें असें लिहिलें आहे. आणि त्याच ग्रंथांत चौ घराण्याच्या प्रकरणांत राजाच्या दोन आवडत्या स्त्रियांनीं आधींच गळफास लावून घेतला होता, असें आहे.

चीनमधील विचारी माणसांना हा प्रकार अगदीं प्राचीन काळींहि खटकला होता. कन्फ्यूशियसचा शिष्य त्झकुंग यानें म्हटलें होतें कीं, दीशिन लोक सांगतात तितका वाईट नसावा. मनुष्य एकदां उतारावर खालीं जाऊन बसला कीं जगांतील सगळी घाण वाहत त्याच्याकडे येते. या बोलण्याचा कस पुढें १९२४ सालीं कू च्ये-कांग या तरुण इतिहाससंशोधकानें लावून पाहिला. त्यानें दीशिनाच्या नांवावर जमा झालेले सत्तर अपराध घेतले आणि प्रत्येक अपराध कोणत्या काळच्या ग्रंथांत प्रथम येतो तें मांडलें. 'शूचिंग'मधील खऱ्या जुन्या भागांत अवघे सहा मुद्दे निघाले. बाकीचे पुढल्या प्रत्येक युगानें आपापल्या परीनें घातले होते. राजा जितका जुना होत गेला, तितकी त्याच्याविषयींची माहिती वाढत गेली! सावकाराच्या वहींत कुळाच्या नांवावर व्याज चढावें तसाच हा प्रकार.

कू च्ये-कांग ग्रंथांतून ग्रंथांचा निवाडा करीत होता त्याच सुमारास जमिनींतून निराळे साक्षीदार वर येत होते. चीनमधील औषधांच्या दुकानांतून 'ड्रॅगनचीं हाडें' कुटून विकीत असत. १८९९ सालीं वांग यी-रुंग या विद्वान अधिकाऱ्याच्या ध्यानांत आलें कीं, त्यांतील कांहीं हाडांवर प्राचीन अक्षरें आहेत. त्यांचा माग काढतां काढतां होनान प्रांतांतील आन्यांग हें ठिकाण सांपडलें, आणि १९२८ पासून १९३७ पर्यंत तेथें पंधरा हंगाम खोदकाम झालें. शांग राजांची ही शेवटची राजधानी. राजे आपल्या पितरांना प्रश्न विचारीत : पाऊस पडेल काय, राणीचें बाळंतपण नीट होईल काय, अमक्या टोळीवर स्वारी करावी काय? बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या पोटाकडील कवचाला विस्तवानें चटका देत, जी भेग पडे तिच्यावरून उत्तर वाचीत, आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवीत. १९३६ सालीं एकाच खड्ड्यांत असे सतरा हजारांहून अधिक तुकडे निघाले.

या हाडांवर दीशिनाच्या आणि त्याच्या बापाच्या काळचे लेखहि आहेत. पितरांच्या पूजा टाकल्या हा विजेत्यांचा एक प्रमुख आरोप. पण या लेखांतून दिसतें तें असें कीं, त्या काळीं पितरांच्या पूजा ठराविक क्रमानें, नेमलेल्या दिवशीं, एक फेरी पुरी होण्यास जवळजवळ वर्ष लागावें इतक्या काटेकोरपणें चालत होत्या. आग्नेयेकडील लोकांवर केलेल्या महिनोन्‌महिने लांबलेल्या मोहिमेच्या नोंदीहि आहेत. पूर्वेकडील टोळ्या जिंकण्यांत राजानें आपला नाश करून घेतला, असें एका प्राचीन चिनी ग्रंथकारानें म्हटलेलें आहेच. पूर्वेच्या मोहिमांनीं राज्य थकलें असतां पश्चिमेकडून घाव पडला, हा अर्थ मद्याच्या तळ्यापेक्षां अधिक पटण्याजोगा आहे.

याचा अर्थ दीशिन सज्जन होता असा मात्र कोणी घेऊं नये. आन्यांगच्या राजस्मशानांत मुंडकीं तोडलेल्या माणसांच्या सांगाड्यांचे खड्डे ओळीनें निघाले आहेत. शांग राजे पितरांना पशूंबरोबर माणसांचेहि बळी देत, आणि तेहि मोठ्या संख्येनें. परंतु ही चाल एका राजाची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांची; दीशिनाच्या वेळेपर्यंत ती उलट कमी झाली होती, असें लेखांवरून दिसतें. ज्या क्रूरपणाचा पुरावा मातींत आहे, त्याचा मू-येच्या भाषणांत उच्चार नाहीं!

आणि राजा बाईचें ऐकतो, या आरोपाचें काय? १९७६ सालीं आन्यांगलाच एक न लुटलेली कबर निघाली. ती दीशिनाच्या सुमारें दीडशें वर्षें आधींच्या वू-तिंग राजाची राणी फू-हाव हिची. तींत चारशें अडुसष्ट कांस्यवस्तु, साडेसातशेंहून अधिक जेडच्या वस्तु, जवळजवळ सात हजार कवड्या, आणि सेनापतीचें चिन्ह असलेले मोठे परशु होते. तिच्याबरोबर पुरलेलीं सोळा माणसेंहि होतीं. हाडांवरील लेख सांगतात कीं, हीच राणी तेरा हजार सैन्य घेऊन लढाईला गेली होती, आणि राजाच्या आज्ञेनें पूजाहि करीत होती. म्हणजे शांग राजकुलांत राणीनें राज्यकारभारांत बोलणें, युद्धावर जाणें, हें निदान एके काळीं निषिद्ध नव्हतें. पश्चिमेकडून आलेल्या चौ लोकांना तें विपरीत वाटलें असेल. एका समाजाची रीत दुसऱ्या समाजाच्या आरोपपत्रांत पाप म्हणून लिहिली गेली, असा तर्क येथें बसतो. तो तर्कच आहे. पण कोंबडीच्या दाखल्याचा उलगडा त्यानें जितका होतो, तितका दुसऱ्या कशानें होत नाहीं.

आतां कोल्हिणीकडे वळूं. नऊ शेपटांचा कोल्हा हा प्राणी चीनमध्यें आरंभापासून अमंगळ नव्हता. एका जुन्या ग्रंथांत तो माणसें खातो असें आहे खरें. परंतु हान काळांत, म्हणजे इसवी सनाच्या मागच्या-पुढच्या दोन दोनशें वर्षांत, तो शुभशकुन मानीत आणि थडग्यांच्या दगडांवर पश्चिमेच्या देवमातेजवळ त्याचें चित्र कोरीत. पुढें कोल्हे सुंदर स्त्रीचें रूप घेऊन पुरुषांना झपाटतात अशा कथा वाढल्या, आणि दाजीची गांठ कोल्ह्याशीं पडली. १३२१ ते १३२३ या मंगोल अमदानींतील वर्षांत छापलेलें एक सचित्र कथापुस्तक उपलब्ध आहे. त्यांत राजाकडे निघालेली दाजी वाटेंत एका धर्मशाळेंत निजली असतां नऊ शेपटांची कोल्हीण येऊन तिचा प्राण शोषून घेते आणि तिच्या देहांत शिरते. सोळाव्या शतकांतील शंभर अध्यायांच्या 'फंग-शन-येन-यी' या कादंबरीनें हें सर्व अधिक फुलविलें. तेथें न्यू-वा देवीच्या देवळांत राजा भिंतीवर अभद्र कविता लिहितो, आणि चिडलेली देवी त्याचें राज्य बुडविण्यासाठीं कोल्हिणीला पाठविते. कोल्हीण काम चोख बजावते. शेवटीं मदतीसाठीं देवीकडे धांवते, तर देवीच तिला शत्रूच्या हवालीं करते, कां तर तिनें क्रूरपणा फार केला! हुकूम देणाऱ्यानें नामानिराळें राहावें, ही रीत देवलोकांतहि आहेसें दिसतें.

या कथेंत एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कोल्हीण देहांत शिरते, म्हणजे खरी दाजी राजाच्या वाड्यांत पोंचतच नाहीं. बापानें नाइलाजानें पाठविलेली ती मुलगी वाटेंतच, परक्या गांवीं, एका रात्रींत मरते. ज्या कादंबरीनें तिची अपकीर्ति घरोघर नेली, तिनेंच तिला निर्दोष सोडलें आहे. नांव मात्र तिचेंच बद्दू झालें.

पुढें ही कोल्हीण समुद्र ओलांडून जपानांत गेली, आणि त्या प्रवासांत तिनें आपल्या देशालाहि स्पर्श केला. बाराव्या शतकांतील तोबा सम्राटाच्या दरबारांत तामामो नांवाची एक रूपवती होती, ती वस्तुतः नऊ शेपटांची कोल्हीण होती, अशी जपानी दंतकथा आहे. दोनशें वर्षांपूर्वींच्या जपानी कथाकारांनीं तिचे पूर्वजन्म जोडले : चीनमध्यें ती दाजी होती, मग भारतांत मगधाच्या हान्झोकू राजाची कायो नांवाची राणी झाली, आणि तिनें त्याला हजार राजांचीं मस्तकें तोडण्यास चिथावलें. हा हान्झोकू कोण? चिनी भाषेंत त्याचें नांव 'ठिपक्यांच्या पायांचा राजा' असें आहे. म्हणजे तो आपला कल्माषपाद. महाभारतांतील शापानें राक्षस झालेला हा राजा बौद्ध कथांच्या वाटेनें चीनला आणि तेथून जपानला गेला. बौद्ध कथेंत तो राजांना बळी देण्यासाठीं धरतो, पण चिथावणारी राणी मूळ कथेंत कोठेंच नाहीं. विष्णुपुराणांत तर उलट आहे. वसिष्ठांना उलट शाप देण्यासाठीं राजानें ओंजळींत पाणी घेतलें, तेव्हां त्याची राणी मदयंती हिनें त्याला आवरलें. तें पाणी त्यानें स्वतःच्या पायांवर सोडलें, आणि पाय ठिपक्यांचे झाले. जिनें हात धरला, तिच्या जागीं जपानी कथाकारांनीं चिथावणारी आणून बसविली.

तामामो मारली गेली आणि तिचा दगड झाला, असें जपानांत सांगतात. नासू येथील ज्वालामुखीच्या उतारावर हा 'मारणारा दगड' दाखवितात. त्या जागीं जमिनींतून विषारी वायु निघतो व जवळ जाणारे प्राणी मरतात, हें दंतकथेचें मूळ उघडच आहे. मार्च २०२२ मध्यें हा दगड दुभंगलेला आढळला. भेगेंत पाणी शिरून तें गोठल्यामुळें असें झालें असावें, असें जाणत्यांनीं सांगितलें. परंतु कोल्हीण सुटली अशी बोलवा जगभर पसरली, आणि त्याच महिन्यांत तेथील पुरोहितांनीं दगडापुढें रीतसर शांति केली. दुसऱ्या वर्षीं, २०२३ मध्यें, चीनमध्यें त्या जुन्या कादंबरीवरील मोठा चित्रपट आला. त्यांत कोल्हीण आहे, मोहिनीहि आहे. पण राज्यलोभ आणि क्रूरपणा दिग्दर्शक वूअरशान यानें राजाच्याच पदरीं घातला आहे. आन्यांगच्या हाडांचें वाचन अजून चालूं आहे. लाखाहून अधिक तुकडे निघाले, पण अक्षरांपैकीं निम्म्याहून अधिक अद्याप लागलेलीं नाहींत. जीं लागलीं आहेत, त्यांत फू-हाव राणीचें नांव पुनःपुनः येतें. दाजीचें आलेलें नाहीं.